कौसरआपांची केस आम्ही कशी घालवली

जिंकलेल्या केसेस चहाच्या टपरीवर सांगून संपतात. हरलेल्यांचे किस्से मात्र वकिलाच्या कपाटात साचत जातात. हर्सूलच्या कौसरआपांच्या एकाच फाइलीत माझ्याकडे पाच आहेत!

केस साधी होती. कारखान्यात एकाच टेबलावर पॅकिंग करणारे सगळे पुरुष कायम झाले, बाई एकही नाही. आपांची नोकरी एकोणीस वर्षांची. रिटायर होण्याआधी कायम व्हायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

*

पुरुषांची यादी बोर्डावर लागल्यापासून नव्वद दिवसांत कोर्टात तक्रार करायला हवी होती. मॅनेजर म्हणाले, "दिवाळी होऊ द्या आपा, तुमचं करतोच." दिवाळी झाली, संक्रांतही झाली. आपा माझ्याकडे आल्या तेव्हा मुदत केव्हाच संपली होती.

"सायबानं जबान दिली होती ना!"

तो उशीर माफ करून घेण्यातच वर्ष गेलं.

*

"आधी कंपनीला अर्ज दिला होता ना? पोच कुठंय?"

"कसली पोच?"

"अर्ज मिळाल्याची सही-शिक्का."

आपा माझ्यावरच भडकल्या. "दरसाल राखी बांधते मी मॅनेजरसायबाला. भावाकडं सही मागू व्हय?"

भावाने कोर्टात लेखी दिलं, असा कुठलाही अर्ज आमच्याकडे आलेला नाही.

*

पुढची चूक शंभर टक्के माझी. कंपनीचं नाव मी गेटवरच्या पाटीवरून उतरवून घेतलं. मालकांनी नाव कधीच बदललं होतं, पाटी तेवढी जुनी! त्यांचा वकील हसत म्हणाला, "या नावाची कंपनीच अस्तित्वात नाही."

त्या नसलेल्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट करून आपा तशाच कोर्टात आल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना; मी नाव दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला.

*

साक्षीला सिल्लोडच्या लताबाई होत्या, आपांच्याच टेबलावरच्या. त्यांचं प्रतिज्ञापत्र मी झोकात इंग्रजीत टाइप केलं. मराठीत वाचून दाखवायचं राहिलं. उलटतपासणीत पहिलाच प्रश्न आला, "यात काय लिहिलंय?"

लताबाई खरं बोलल्या. "मला काय ठावं? वकीलसायबाला इचारा!"

साक्ष वाया गेली. कंपनीपेक्षा जास्त चीड मला अजून माझीच येते.

*

मग आपांची तारीख आली. कंपनीचा माणूस त्यांना जिन्यात भेटला. "जजसाहेब रजेवर आहेत, बसा खाली." आपा खाली बसल्या. मी दुसऱ्या कोर्टात अडकलेलो. वर पुकारा झाला, कोणी नाही. केस गैरहजेरीत निकाली!

केस पुन्हा उघडायचा अर्ज करताना मी म्हणालो, "आजारी होते असं लिहू. डॉक्टरचा दाखला आणा."

"झूट नाय लिहायचं. मी इथंच होते."

खरं तेच लिहिलं. समोरचा वकील उठला. "आवारात असून आल्या नाहीत, म्हणजे यांना केस चालवायचीच नव्हती!"

आपांच्या रिटायरमेंटला पंधरा दिवस उरले होते. जजसाहेबांनी विचारलं, "बाई, काही सांगायचंय?"

आपा उभ्या राहिल्या.

"सायब, कारखान्यात बी मी रोज होते. कागदावर नव्हते."