चूक म्हणा की!

"वहिनी, तुमचंच बरोबर" असं कोणी म्हटलं की हल्ली माझं डोकं फिरतं. एके काळी हेच शब्द ऐकायला मी जिवाचा आटापिटा करायचे. नवऱ्याच्या तोंडून ते बाहेर काढायचे म्हणजे दाढ उपटण्याइतकं अवघड काम होतं.

आमच्या घरी सकाळी पेपर आला की शब्दकोड्याचं पान मधे आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. तो रसायनीला कंपनीत जायचा, मी कर्जतच्या बस डेपोत पासच्या खिडकीवर बसायचे. दोघांनाही निघायची घाई, तरी कोडं संपल्याशिवाय डबे भरले जायचे नाहीत. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करायचे. कोड्यापुढे मात्र सरळ अरे-तुरे. "अरे गाढवा, चार अक्षरं आहेत, मोज की नीट!" शेजारणीनं एकदा न राहवून विचारलं, "तुमच्यात रोज सकाळी कशावरून वाजतं हो?" मी म्हटलं, "उभ्या अकरावरून." तिला काही कळलं नाही आणि मी समजावत बसले नाही.

कोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतं. त्यावरून आमच्या घरात एक कायदा झाला होता. ज्याचा शब्द चुकला, त्यानं उत्तर आलेल्या दिवशीचा सकाळचा चहा करायचा. त्याचा चहा भयंकर असायचा. आलं इतकं ठेचायचा की घशाला आग लागायची, आणि निम्मं दूध शेगडीवर. पण तो हरल्याचा चहा होता, म्हणून मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे. दोघं निवृत्त झालो, मुलगा पुण्याला गेला, तरी कायदा तोच राहिला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही 'नदीचा काठ, दोन अक्षरं' यावर अडलो. तो म्हणाला तीर, मी म्हटलं तट. आडवा-उभा जुळवून बघावं तर उभा शब्द दोघांनाही येत नव्हता. त्यानं पेन्सिलीनं तीर लिहिलं, मी खोडून तट लिहिलं, त्यानं ते खोडलं. कागद तिथं पार विरून गेला. "उद्या बघू," म्हणाला, "उद्या तुझ्या हातचा चहा पितो." आणि अंघोळीचं पाणी काढायला उठला तो मोरीच्या दारातच कोसळला. रिक्षा, दवाखाना, सगळं झालं. काही उपयोग झाला नाही. वाद अर्धा टाकून गेला माणूस.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. पेपर आपला नेहमीसारखा दारात पडला होता. मी सगळ्यांसमोर तो उचलला आणि उत्तर बघितलं. तट. माझं बरोबर होतं! आणि ते सांगायचं कोणाला? जाऊबाई चहाचा कप घेऊन आल्या. मी म्हटलं, "मला नको. आजचा चहा त्यानं करायचा होता." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला आणि मी झटकलासुद्धा.

तेव्हापासून मी घरात सकाळचा चहा केला नाही. का करू? चहा त्याच्यावर आहे, माझ्यावर नाही. लोक म्हणाले, दुःखानं असं होतं. दुःख होतंच हो, पण त्याच्यावर राग होता माझा. आयुष्यभर शब्दाला शब्द करणारा माणूस, आणि हरायची वेळ आली तेव्हा जागेवर नाही! एकटीनं कोडं सोडवायला बसले तर डाळ शिजायच्या आत संपायचं. मी लिहायचे ते बरोबर, कारण चूक म्हणायला कोणी नव्हतंच. मुलानं फोनमध्ये कोड्यांचं अ‍ॅप घालून दिलं. "आई, हे लगेच सांगतं बघ बरोबर की चूक." सांगतं ना. चौकोन लाल होतो आणि गप्प बसतो. फोनशी काय डोंबल भांडायचं?

म्हणून मी सकाळी चहाला खोपोलीतल्या शिळफाट्यावर टपरीवर जायला लागले. टपरीला लागूनच शिलाईचं दुकान आहे. दुकानाच्या बाकावर नवऱ्याच्या ओळखीतली तीन माणसं रोज कोडं सोडवतात. टेलर मास्तर स्वतः, बँकेतून निवृत्त झालेले एक मवाळ गृहस्थ, आणि तिसरे मूळचे कडावचे, आमच्या ह्यांच्याच कंपनीत मशीनवर होते. हल्ली खोपोलीत मुलाकडे राहतात. आवाज असा की हायवेच्या पलीकडे ऐकू जावा. नवरा रविवारी त्यांच्यात जाऊन बसायचा आणि घसा बसवून घरी यायचा. त्यांचाही एक रिवाज होता, तो मी त्याच्याकडूनच ऐकला होता. ज्याचा शब्द चुकला त्यानं दुसऱ्या दिवशी बाकावरून उठून, उभं राहून, बरोबर शब्द मोठ्यानं वाचायचा. येणारे-जाणारे बघत असले तरी वाचायचा.

एके दिवशी चहाचा ग्लास हातात घेऊन मी तिकडे गेले आणि म्हटलं, "मी बसू का?"

तिघंही उठून उभे राहिले. मास्तरांनी फडक्यानं बाक पुसला. बँकवाले म्हणाले, "या ना वहिनी, बसा." कडावचे भाऊजी आपल्या त्या आवाजात काहीतरी बोलत होते, ते एकदम हळू झाले. "वयनी, तुमीच सांगा पयला शब्द," म्हणाले. मी सांगितला. मास्तरांनी लिहिला. दुसरा सांगितला, तोही लिहिला. मला वाटलं, वा, आज सगळं बरोबर येतंय.

आठवडाभर सगळं बरोबरच येत होतं. मग मला संशय यायला लागला. ही माणसं एकमेकांशीसुद्धा भांडेनात. आदल्या दिवशीची उत्तरं कोणी काढेना, उठून वाचायची पाळी कोणावर येईना. मी बाकावर असेपर्यंत देवळात बसल्यासारखी बसायची. मी डेपोच्या खिडकीवर जन्म काढलाय, माणूस खरं बोलतोय की तोंडदेखलं ते मला त्याच्या मानेवरून कळतं. म्हटलं, बघूच. पुढचा शब्द होता 'चंद्र, दोन अक्षरं'. मी तोंड सरळ ठेवून म्हटलं, "रवी."

रवी! दुसरीतलं पोर हसेल. बँकवाल्यांनी चष्मा काढून पुसला. कडावच्या भाऊजींचा गळा असा हलला की शब्द आतल्या आत गिळताहेत हे मला दिसलं. मास्तरांनी पेन्सिल उचलली आणि लिहिलं, रवी.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"वहिनी, तुमचंच बरोबर," बँकवाले म्हणाले.

मी ग्लास टपरीवर ठेवला आणि निघाले. चौकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की भाजीची पिशवी बाकाखालीच राहिली. परत वळले तर लांबूनच आरडाओरडा कानावर आला. "अरं शशी हाय ते, शशी! चंद्राला रवी म्हनायची पाळी आली आपल्यावर!" मास्तरांच्या हातात खोडरबर होता आणि ते मान खाली घालून माझी अक्षरं घासत होते. एकटा रवीच नव्हे, त्या दिवशी मी सांगितलेल्या आणखी दोन शब्दांवरही रबर फिरला होता. म्हणजे हे रोजचंच होतं. मी गेले की माझे शब्द पुसायचे आणि मग खरं कोडं सुरू करायचं.

मी दिसले तसा आवाज बंद. बँकवाले उठले. "वहिनी, काय राहिलं का? चहा सांगू?"

त्या 'चहा सांगू'नं माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी पिशवी ओढली आणि तोंडातून शब्द न काढता घरी आले. घरी येऊन मात्र भिंतींशी बोलले. मान देतात म्हणे! बाक पुसून देतात, उभे राहतात, पहिला शब्द मला. अरे, माझा नवरा मेलाय, माझी अक्कल नाही मेली! विधवा बाईचं मन कशाला दुखवा, असं तिघांनी आपसात ठरवलं असणार. माझं मन त्या शशी-रवीनं दुखणार होतं? माझ्या नवऱ्याशी हे तिथं घसा ताणून कचाकचा भांडायचे की! आणि त्याच्या बायकोला मात्र फुलासारखं उचलून बाजूला ठेवायचं. मुलाला फोन केला तर तो म्हणतो, "आई, चांगली माणसं आहेत ती." चांगलीच आहेत, म्हणून तर चीड येते. वाईट माणसाला चार शिव्या देता येतात.

दुसऱ्या दिवशी जाऊच नये असं वाटलं. पण मग मी कुठं जाणार होते? ज्याच्याशी भांडावं असं दुसरं कोणी माझ्या ओळखीत उरलं नव्हतं. कपाट उघडलं, नवऱ्याचं निळं बॉलपेन घेतलं आणि गेले.

पुन्हा तेच. उठले, बाक पुसला. मी बसले आणि पेपर मास्तरांच्या हातातून काढून सरळ माझ्या मांडीवर घेतला. 'रान, तीन अक्षरं.' शेवटचं अक्षर न, ते उभ्या शब्दातून आलेलं होतं. म्हणजे जंगल नाही, अरण्य नाही. मी पेनचं टोपण दातानं काढलं आणि दाबून लिहिलं, कानन. ह्या वेळी मी परीक्षा घेत नव्हते. मला खरोखर तेच वाटत होतं.

मास्तरांचा रबराचा हात आपोआप पुढं आला आणि तिथंच थांबला.

"वयनी, प्येन?" कडावचे भाऊजी म्हणाले.

"पेनच. आता पुसा बघू कसं पुसता ते. रोज मी गेल्यावर पुसता ना? आज माझ्या तोंडावर सांगा. चूक असेल तर चूक म्हणा की! काय जीभ झडते काय तुमची?"

टपरीवाल्यानंसुद्धा गाळणी हातात धरून ठेवली. भाऊजी पेपरकडे बघत होते. शाईचे ते तीन चौकोन त्यांना बघवत नव्हते. माझ्याकडे बघायचे, पेपरकडे बघायचे. शेवटी फुटलाच आवाज.

"आवो, कानन नाय ते! विपिन हाय!"

"विपिन?" मी म्हटलं. "कडावच्या रानाला कोण विपिन म्हणतं हो?"

"आनि कानन तरी कोन म्हनतं? गेल्या महिन्यात ह्याच कोड्यात कानन येऊन गेला. हा कोडंवाला लागोपाठ तोच शब्द देत नाय!"

"म्हणजे तुम्ही शब्द नाही, कोडंवाल्याची सवय सोडवता! ह्याला काय अर्थ आहे?"

"अर्थ? सगळं पान खराब केलं पेनानं आनि वर मलाच अर्थ इचारतेस? अगं बाई, ऐक जरा, मी सांगतो ते विपिनच हाय, तुझा नवरा असता तर त्यानं पन हेच..."

आणि ते थांबले. बँकवाल्यांनी डोळे मिटून घेतले. अगं म्हणाले होते, नवऱ्याचं नाव काढलं होतं. दोन्ही एका दमात.

"थांबलात कशाला?" मी म्हटलं. "तो असता तर कानन म्हणाला असता. मी विपिन म्हटलं असतं तर त्यानं कानन म्हटलं असतं, आणि मी कानन म्हटलं असतं तर विपिन. हे मला सांगता? मी त्याच्याबरोबर संसार केलाय!"

मग जे भांडण झालं ते टपरीवरच्या गिऱ्हाइकांनी ग्लास धरून ऐकलं. मास्तर माझ्या बाजूला आले, बँकवाले आधी मधे पडले आणि मग विपिनच्या बाजूला जाऊन माझ्यावर चक्क ओरडले. घरी आले तेव्हा घसा बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर बाक कोणी पुसला नाही. कोणी उठलंही नाही. भाऊजींनी पेपर उलगडून माझ्यापुढं आपटला आणि उत्तरावर बोट ठेवलं. विपिन.

"उठ," म्हणाले. "वाच."

मी उठले. शिळफाट्याची सगळी सकाळ समोरून चालली होती, टेंपो, शाळेची पोरं, भाजीवाल्या. मी मोठ्यानं वाचलं, "विपिन!" एका पोरानं वळून बघितलं. भाऊजी म्हणाले, "अजून मोठ्यानं. तुझा नवरा मोठ्यानं वाचायचा." मी अजून मोठ्यानं वाचलं.

त्या दिवशी टपरीवर चहा घेतला नाही. घरी आले, आलं ठेचलं, भांडं शेगडीवर ठेवलं. हरले होते. चहा माझ्यावर होता.