आधी ताई, मग गिऱ्हाईक

जुळवलेली गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी दाजी आमच्या ताईला डाव्या सीटवर बसवून माथेरानचा घाट चढून उतरत. "जिच्यात बायको बसवायला भ्या वाटतं, ती गाडी लोकांना कशी देऊ?" असं म्हणत. ताई फोडणी अर्धी टाकून यायची आणि कुरकुरत का होईना, बसायची.

कडावच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन कायमचं गेलेल्या जुन्या मोटारी येत. तसलं इंजिन आता मिळायचं नाही. मग दाजी दुसऱ्याच कंपनीचं इंजिन आणून मूळच्या गिअरबॉक्सला जुळवत, मधे मुद्दाम कातून घेतलेली जाड प्लेट. गिअरबॉक्स हातानं हलवत हलवत आपसूक आत बसेपर्यंत बोल्टाला कुणाला हात लावू देत नसत. "बोल्टानं ओढू नको रं. ओढलेलं बसल्यासारखं दिसतं, बसत नाय." गिऱ्हाईक ताटकळत बसे. माणूस महाहट्टी. मी एकुलती एक मेव्हणी, पण माझंही ऐकत नसत.

ऐकलं ते एकदाच, पोशीरच्या एका नवरदेवाचं. त्याला आजोबांच्या गाडीतून वरात काढायची होती आणि लग्न दुसऱ्या दिवशी होतं. दाजींनी शेवटचं बोटभर अंतर बोल्ट आवळून मिटवलं.

त्या दिवशी मागच्या सीटवर मी होते. चढताना गाडी शहाण्यासारखी चढली. उतरताना, ऐन वळणावर, गिअर आपोआप सुटला आणि गाडी मोकळी धावू लागली. दाजींनी ब्रेक दाबला. जळका वास आला, वेग कमी होईना. दरी डावीकडे, ताईच्या बाजूला. दाजींनी क्लच दाबून जोरात रेस दिली आणि गिअरची दांडी पुन्हा आत लोटली. "दोनी हातांनी धर गं, सोडू नको!" ताईनं पायथ्यापर्यंत ती दाबून धरली.

खाली येऊन दाजी रस्त्याकडेला बसले. "चूक माझी हाय," एवढंच म्हणाले. वरात टेंपोतून निघाली. गाडी त्यांनी पुन्हा उघडली, या वेळी गिअरबॉक्स हातानं बसवला, पण ताईला हाक मारायला त्यांची जीभ उचलेना. बाहेर येऊन पाहतात तर ती आधीच डावीकडे बसलेली.

गेल्या पावसाळ्यात दाजी गेले. फार पोकळी वाटते. शेडमध्ये एक गाडी अर्धवट होती. प्लेट कातून झालेली, जोडणी राहिलेली. मालकानं कर्जतहून मिस्त्री आणला. त्यानं बोल्टाला पाना लावला तशी ताई ओट्यावरून ओरडली, "ओढू नको रं! हातानं बसंल तवाच." मिस्त्री वैतागला, पण संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स हातानं बसला.

तो गाडी घाटाकडे काढायला लागला, तर ताई पदर खोचून डाव्या सीटवर. त्या माणसाचा हात आम्हाला ठाऊक नव्हता. मला ते वळण आठवलं. "ताई, तू कशाला? उतर बघू!"

"मी बसल्याबिगर त्यांची गाडी कदी गेलीय का गं?"

मी मागचं दार उघडलं आणि आत बसले.