नाव झाकून आणा

डॉक्टर शिरगुप्पे गेल्याचं त्यांच्या पुतण्यानं पेठ वडगावहून फोन करून सांगितलं. मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होते, पलीकडं पक्षकारांचा गलका चाललेला. "काका गेले, मॅडम. झोपेतच. सकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं, कुणी उघडेना..." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. बरं काय म्हणायचं त्यात? पण तोंडातून तेवढंच निघालं. मग राग आला. आयुष्यभर परक्यांच्या मनाची उस्तवार करणाऱ्या माणसाजवळ शेवटी एक माणूस असू नये? स्मशानात आम्ही मोजकेच होतो. गावातले दोघे डॉक्टर आले, घड्याळ बघत उभे राहिले आणि गेले.

नव्वदच्या दशकात डॉक्टरांवरही ग्राहक न्यायालयात दावे व्हायला लागले आणि माझ्या ऑफिसात माणसं फायली घेऊन येऊ लागली. मोडलेल्या हाडाचं एक वेळ समजतं. पण मनाच्या आजारात डॉक्टरची हयगय कुठली आणि आजाराचाच घाला कुठला, हे मला वकिलाला काय कळणार? म्हणून नोटीस काढण्याआधी कागद मानसोपचारतज्ज्ञ शिरगुप्प्यांना दाखवायचे आणि केस उभी राहते का, एवढं विचारायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी अट घातली. "वकीलबाई, डॉक्टरचं नाव झाकून आणा. हॉस्पिटलचंही. गाव लहान आहे, आणि माझं मनही काही फार मोठं नाही." मग मी दुपारभर बसून नावांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायची. दुसरी अट अशी, की मत मला नाही, घरच्या माणसांना समोर बसवून सांगणार. बहुतेकदा ते नकाराचंच असायचं. वाईट झालं, पण चूक झाली नाही, हे ते इतकं हळू सांगायचे, की माणसं आधी मान डोलवायची आणि मग भडकायची. एकजण टेबलावर हात आपटून गेला, "डॉक्टर डॉक्टरचंच झाकणार की!" मी उठले, तर म्हणाले, "बसा हो. घरी जाऊन स्वतःवर चिडण्यापेक्षा माझ्यावर चिडलेला बरा."

लग्न केलं नव्हतं. खाली दवाखाना, वर दोन खोल्या. जिवाभावाचं म्हणावं असं एकच माणूस, बापू. तेही मानसोपचाराचेच डॉक्टर, दोघं हॉस्टेलपासूनचे. आडनाव लिहीत नाही, गावाला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी दोघं रंकाळ्यावर, तळ्याकाठी फिरायला. बापूंचा उजवा गुडघा दुखायचा, म्हणून डॉक्टर आपली चाल आवरती घ्यायचे आणि अर्ध्या वाटेवर एका दगडी कट्ट्याशी न सांगता थांबायचे. बापू बसायचे, डॉक्टर उभे राहून त्यांची टिंगल करायचे. गावातली कुत्री त्यांच्यापेक्षा लवकर फेरी पुरी करतात, अशी काहीतरी.

मग मुरगूडची केस आली. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला असलेला तरुण पोरगा. झोप नाही, जेवण नाही, म्हणून आईनं खाजगी हॉस्पिटलात दाखल केलेला. जगावंसं वाटत नाही, असं तो पहिल्याच संध्याकाळी नर्सला म्हणाला होता आणि नर्सनं ते लिहूनही ठेवलं होतं. तरी त्याला वरच्या मजल्यावर एकट्याच्या खोलीत ठेवलं आणि आईला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिला पोरगा मिळाला नाही, त्याचं प्रेत मिळालं. मी नेहमीसारख्या पट्ट्या लावून फाईल नेली. डॉक्टरांनी पहिलं पान उघडलं आणि लगेच मिटलं. "हे अक्षर मी हॉस्टेलपासून वाचतोय," म्हणाले. "बापूचं आहे. दुसऱ्या कुणाला तरी दाखवा."

दाखवलं की. सांगलीला दाखवलं, बेळगावला दाखवलं, पुण्याला पाठवलं. कुणी आजारी पडलं, कुणाला वेळ नव्हता, एकानं तर पाकीट न फोडताच परत धाडलं. आणि दाव्याची मुदत संपत आलेली. शेवटी मी त्या आईलाच डॉक्टरांकडं घेऊन गेले. ती खुर्चीवर बसलीच नाही. "डॉक्टरसाब, ते तुमचं दोस्त हायती, मला ठावं हाय. मला पैसा नगो. मी त्याला तितं सोडून घरला गेलतो. ते जा म्हनलं म्हनून गेलतो. ह्यात माझं चुकलं का त्यांचं, एवढं सांगा. मला जेवान जाईना झालंय..." डॉक्टरांनी फाईल पुढं ओढली. आम्हाला बाहेर बसवून त्यांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली. आत बोलावलं तेव्हा चष्मा काढलेला होता. "आई, तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला घरी पाठवायला नको होतं. त्याला एकटं ठेवायला नको होतं. चूक झाली आहे." ती बाई मटकन खाली बसली आणि रडली. मला म्हणाले, "केस उभी राहते. तो माझा मित्र आहे, हे पहिल्याच ओळीत लिहितो. सही करतो."

मी म्हटलं, नोटीस जायच्या आधी बापूंना भेटून सांगा तरी. "मित्र म्हणून गेलो, तर सही मागं घेऊन येईन," म्हणाले.

नोटीस गेली त्या संध्याकाळी ते रंकाळ्यावर नेहमीच्या जागी उभे राहिले. बापू आले नाहीत. पुन्हा कधीच आले नाहीत. दाव्यात पुढं तडजोड झाली, मुरगूडची आई मला अजून गणपतीला बोलावते. पण गावातल्या डॉक्टरांनी शिरगुप्प्यांकडं पेशंट पाठवणं बंद केलं. डॉक्टरांच्या बैठकीला गेले की शेजारची खुर्ची रिकामी. चूक दाखवली म्हणून वाळीत टाकणारी ही शिकलेली माणसं! मी चिडून काही बोलले, की ते विषय बदलायचे.

कधीमधी मी त्यांच्याबरोबर फिरायला जायची. चालायला दणकट होते, पण पाय मुद्दाम रेंगाळत टाकायचे आणि त्या कट्ट्याशी आले की थांबायचे. दमला का, विचारलं तर "नाही." मग चला की! "थांबा हो जरा," म्हणायचे आणि पाण्याकडं बघत उभे राहायचे. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. लक्षात आल्यावर मी घाई करणं सोडलं.

ते गेल्यावर काही आठवड्यांनी मी एकटीच रंकाळ्यावर गेले आणि पाय आपोआप त्या कट्ट्याशी थांबले. मागून कुणी झपझप येत होतं. बापू. केस पांढरे झालेले. मला ओळखून त्यांनी मान वळवली, पण पुढं गेले नाहीत. "तो यायचा इथं?" मी म्हटलं, "रोज. इथं थांबायचे. दमले नसले तरी." "कशाला?"

"तुमच्या गुडघ्यासाठी."

बापू माझ्याकडं बघत राहिले. मग खाली, पायाकडं. "गुडघ्याचं ऑपरेशन होऊन कितीतरी वर्षं झाली," म्हणाले. "आता काहीच दुखत नाही. त्याला कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार होतं?"

बापूंनी कट्ट्यावरची धूळ हातानं झटकली आणि ते खाली बसले.