गजाभाऊची हजेरी

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी संध्याकाळी मी जबलपुरात कमानिया गेटजवळ एका दुकानात लोकर बघत होतो. कारखान्यातला एक सोबती सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "गजाभाऊ गेले. बसल्या बसल्या." गजानन वैरागडे, माझा वीस-बावीस वर्षांपासूनचा मित्र. अशा वेळी माणूस कसं झालं, घरी कोण आहे, असं विचारतो. मी विचारलं, "किती वाजता?" तो जरा चमकला. "साडेतीनच्या सुमारास," म्हणाला. ती वेळ मला ठाऊक होती... का ठाऊक होती, ते आज लिहायचं आहे. गजाभाऊची बायको, सुमनवहिनी, वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. त्यांच्यासमोर बसून सांगायचा धीर मला झाला नाही.

आमच्या कारखान्याच्या फाटकाशी एका फळ्यावर प्रत्येकाच्या नंबरचं पितळी टोकन टांगलेलं असतं. सकाळी ते काढून आपल्या खात्यातल्या खिळ्यावर लावलं की हजेरी लागली. गजाभाऊ रांझीहून सायकलनं यायचा आणि हमखास उशिरा. त्याचं टोकन मीच लावायचो. नियमाला धरून नव्हतं, पण सगळेच एकमेकांसाठी करत. "अबे, तू आहेस म्हणून माझी नोकरी चालून राहिली," असं तो धापा टाकत म्हणायचा आणि डब्यातला मोठा घास मला द्यायचा.

बांगलादेशच्या लढाईआधी नवीन यंत्रांचं काम शिकायला आम्हा दोघांना सहा महिने इंग्लंडला पाठवलं होतं. तिथल्या घरमालकिणीला 'गजानन' कधी म्हणता आलं नाही, 'गॅजॅनन' म्हणायची. तिच्याच सांगण्यावरून आम्ही एका रविवारी दुपारी लांबच्या खेड्यातलं सातशे वर्षांचं चर्च पाहायला गेलो. भोवती कलत्या थडग्यांचे दगड, एक काळपट हिरवं झाड, आणि पाखराचाही आवाज नाही. गजाभाऊनं देवळात काढावेत तसे दारात बूट काढले, एक पाऊल आत टाकलं आणि थांबला. आतली फरशी थडग्यांचीच होती. पायाखाली नावं... काही झिजून नुसते खळगे उरलेले. "मेलेल्यांच्या अंगावरून काहून चालायचं? तू जा, मी बसतो इथं." तो दारातल्या दगडी बाकावर मोज्यांवरच बसून राहिला.

मी एकटा आत गेलो. त्या थंडीत माझ्या पावलांचा आवाज जरा उशिरानं माझ्या मागून येत होता. एका कोपऱ्यात मेणबत्तीशेजारी एक जाड वही उघडी होती. वर जुन्या वळणाच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं. अंधुक उजेडात मी ते वाचलं नाही. खाली रकाने होते. पाहुण्यांची वही असणार, असं मी धरलं. पहिल्या रकान्यात गजाभाऊचं नाव लिहिलं, दुसऱ्यात माझं, तिसऱ्यात माझा जबलपूरचा पत्ता. तो आत आला नव्हता, पण त्याची हजेरी लावायची माझ्या हाताला सवय होती. फुलं ठेवणाऱ्या एका म्हातारीनं वहीत डोकावून हलकेच विचारलं, "जवळचा का?" मी म्हणालो, "अगदी भावासारखा." तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरून आले होते. केवढी मायाळू माणसं, असं मला वाटलं. बाहेर येऊन मी म्हटलं, "चलो गजाभाऊ, तुझी हजेरी लावली." तो हसला.

परत आल्यावर पहिल्याच नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी तो माझ्या घरी चहा पिताना म्हणाला, "कोणी हाक मारली काय रे? नाव माझंच, पण वाकडं. गॅजॅनन..." आम्ही त्या घरमालकिणीची आठवण काढून पोटभर हसलो.

पुढे लढाईची चिन्हं दिसू लागली. रविवारीही काम, काचांना काळे कागद. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात, पहिल्याच रविवारी, दुपारी साडेतीनला, चालू यंत्रापाशी गजाभाऊनं एकदम मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात तो एवढंच म्हणाला, "अबे, त्यानं पुन्हा हाक मारली."

महिनाभरानं मला त्या चर्चच्या पाद्र्याचं पत्र आलं. आपल्या दिवंगत मित्राचं नाव आम्ही दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाच्या प्रार्थनेत, मोठ्यानं वाचतो, यंदाही वाचलं, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. त्यांचे दहा म्हणजे आपले साडेतीन. ती वही पाहुण्यांची नव्हती.

चार ओळी लिहून ते नाव खोडायला सांगता आलं असतं. आधी लढाईचं निमित्त झालं, मग लाज वाटली, मग असल्या गोष्टींवर शिकलेल्या माणसानं विश्वास ठेवू नये, असं मी स्वतःला समजावलं. पत्र ट्रंकेत तळाशी गेलं. दरवर्षी त्या रविवारी मी काहीतरी कारण काढून त्याच्या घरी जायचो आणि साडेतीनला मोठमोठ्यानं बोलत राहायचो. यंत्रांच्या आवाजानं पुढे त्याचे कान जवळजवळ गेले. शेजारी ओरडलेलं त्याला कळेना. मी मनातून सुटलो... यंदा गेलो नाही.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी वहिनींनी सांगितलं, "अंगणात उन्हात शिंगाडे सोलत बसले होते, भाऊजी. एकदम मान वर केली. साहेबापुढे म्हणतात तसं 'हाजिर' म्हणाले, अन् मान खाली गेली." मग डोळे पुसत म्हणाल्या, "मागे एकदा म्हणत होते, माझी हजेरी लावणारा एकच माणूस आहे." मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. त्याला कळलं होतं का, हे आता कोणाला विचारू?

आता ते नाव खोडायची गरज राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी त्याचं टोकन तसंच टांगलेलं होतं. कारकुनापर्यंत अजून खबर गेली नव्हती. माझ्या हातानं सवयीनं दोन्ही टोकनं काढली आणि खात्यात नेऊन लावली. मागे सरकल्यावर मला कळलं, मी काय केलं ते. त्याचं टोकन परत काढायला बोटं लावली... आणि ती तिथंच राहिली. शेजारचं माझं टोकन अजून रात्रभरच्या थंडीनं गार होतं. त्याचं कोमट होतं, नुकतंच कोणी मुठीतून सोडल्यासारखं.

टोकन नंतर जमा झालं. खिळा अजून आहे. रोज सकाळी माझं टोकन लावून झालं की हात शेजारी जातो, आणि मी तो मुद्दाम खिशात घालतो.