मागचं दाखवणारे आरसे

खासबागेत अण्णांच्या गॅरेजात आम्ही जुन्या गाड्या नीट करतो. गाडी कधी ना कधी निघून जाते, किस्सा मात्र तिथंच राहतो! चहाला बसलं की एक निघतो, त्याच्या मागनं दुसरा. आरशांचे तर लईच साठलेत.

एक वकीलसाहेब सासऱ्यांची काळी मोटार घेऊन आलते. आरसे निवडायला आठ दिवस घेतले. गोल की चौकोनी? दारावर की मडगार्डवर? शेवटी बशीएवढे गोल, चकचकीत क्रोमचे, अगदी पुढं मडगार्डवर!

मी म्हटलं, "साहेब, एवढ्या लांबनं मागचं नीट दिसणार न्हाय."

"मला कुठं मागचं बघायचंय? मागच्यांनी मला बघायचं!"

कडोलीच्या आप्पांचं उलटं. शेतकरी माणूस, जुनी जीप, एकटेच फिरणार. "आरसा कशाला? मागनं येणारा हॉर्न मारंल की!" अण्णांनी बळंच आत एक बसवला.

चार दिवसांनी भर दुपारी आप्पा हजर. आरशाला टॉवेल गुंडाळलेला.

"काढा हे."

"का आप्पा? हलतोय काय?"

"आरसा न्हाय हलत. आतलं हलतंय."

आम्ही हसलो. आप्पा हसले नाहीत. आरसा निघेपर्यंत ते जीपपासून दहा पावलं लांब उभे होते.

आणि निपाणीच्या सुमनबाई. शाळेतनं रिटायर झालेल्या. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, दादाची. तो गेल्यापासून शेडमध्येच उभी होती, बाईंनी दारसुद्धा उघडलं नव्हतं. आता स्वतः चालवायची म्हणून दुरुस्तीला आणली.

आतल्या आरशासाठी अण्णांनी तीन नमुने काढले. बाई स्टिअरिंगवर बसल्या, मी एकेक आरसा धरला. पहिला लहान वाटला. दुसऱ्यात तोंड वाकडं दिसलं. तिसरा धरला आणि बाईंचे डोळे भरून आले. मी आरसा काढायला गेलो, तर माझा हात धरला.

मग आरशात बघत, एकदम साध्या आवाजात, घरात बोलावं तसं म्हणाल्या, "दादा, जरा बाजूला सरक. मागचा रस्ता दिसंना."

मी मागं वळून बघितलं. मागची सीट कुशनवाल्याकडं शिवायला गेलती. तिथं नुसता पत्रा होता.

अण्णांनी माझ्याकडनं आरसा घेतला, स्क्रू पिळले आणि हळूच विचारलं, "बाई, आता दिसतंय?"

"व्हय," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "सरकला."