घट्ट पट्टी

मोडलेलं हाड घेऊन मेहबूबबीच्या ओट्यावरून कुणी तसंच माघारी गेलं, असं निरवांगीत सहसा होत नसे. हाताचा गुण बापाकडून आलेला आणि बापाची अटही: पैसा घ्यायचा नाही, आल्याला नाही म्हणायचं नाही. हळदीचा लेप, बांबूच्या कामट्या, वर घट्ट पट्टी. शेळीच्या पायापासून पाटलांच्या मनगटापर्यंत सगळं तिच्या हाताखालून गेलेलं.

बावीस वर्षांपूर्वी बिरूचं कोपर तिनं असंच आवळलं. पाच वर्षांचं पोर तीन दिवस रडलं, बोटं गार पडली. हाड जुळताना दुखतंच, म्हणत तिनं त्याच्या आईला परत पाठवलं. डाव्या हाताची बोटं मुडपली ती कायमची. गाव म्हणालं, नशीब. तीही तेच म्हणाली. पुढे गावातल्या शिबिरात एका डॉक्टरीणबाईंनी लहान पोरांच्या कोपराला आवळून बांधलं की रक्त कसं अडतं, ते सांगितलं. तेव्हा मेहबूबबी मागच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. त्यानंतर लहान पोराचं कोपर आलं रे आलं की ही बया तापाचं सोंग घेऊन पडायची.

आज सोंगाला वेळच मिळाला नाही. ती ओट्यावर गहू निवडत असताना बिरूच समोर उभा राहिला. कडेवर चार वर्षांची लेक स्वरदा, अंगणवाडीच्या घसरगुंडीवरून पडलेली, कोपर टम्म सुजलेलं.

"चाची, बांधा. दुसऱ्या कुणाच्या हातात मी पोरगी देत न्हाय."

शेजारच्या बायका जमल्या. कुणीतरी कामट्याही आणून ठेवल्या. बांधावं तर पोरीचा हात जाणार, नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार.

"न्हाय बांधायची," ती शेवटी म्हणाली. "बारामतीला दवाखान्यात ने. बिरू, तुझं नशीब वाईट नव्हतं. पट्टी मी आवळली हुती. तू रडत हुतास, तरी सोडली न्हाय."

बिरू आपल्या बोटांकडं बघत राहिला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं ओट्याखाली लावलेली स्कूटर वळवली.

"बसा मागं. पोरीला धराय कुणीतरी पायजे."

स्कूटर बारामतीच्या रस्त्याला लागली. मेहबूबबीनं पोरीचा हात पदराच्या झोळीत सैल ठेवला होता. थोड्या थोड्या वेळानं, रक्त फिरतंय का ते बघायला, ती पोरीचं नख दाबायची आणि ते पुन्हा लाल होईपर्यंत श्वास रोखून धरायची. मान वर केली की हँडलवर बिरूची मुडपलेली बोटं दिसायची.