भाऊंची पेन्सिल

भाऊंच्या कानावर सुतारासारखी कायम एक पेन्सिल असे. आंघोळीला जाताना ते ती काढून ठेवतात की नाही, यावर न्यू जर्सीतल्या आमच्या भाड्याच्या घरात दोन मतं होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही चौघे मराठी विद्यार्थी तिथे राहत होतो. त्यातले भाऊ, अकोल्याला बायको-मुलीला ठेवून आलेले, पीकपैदाशीच्या पीएच.डी.च्या सहाव्या वर्षात होते. इतके मुरलेले, की नवे प्राध्यापक खोल्यांचे पत्ते त्यांनाच विचारत. पाठीमागे आम्ही त्यांना 'पर्मनंट' म्हणायचो.

मी त्याच खात्यात एम.एस.ला होतो, टोमॅटोवर. आमचं शास्त्र ऐकायला फार भारदस्त. प्रत्यक्षात उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज चिमट्यानं काढायचे, सकाळी तिला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि कोणाचं कोणाशी जुळवलं ते लेबलवर लिहून देठाला बांधायचं. आमच्या गावात एक मावशी हे काम फुकट करायच्या, तेही लेबलाशिवाय. मी त्यासाठी विमानानं आलो होतो.

भाऊंचा नियम एकच होता. "पेन्सिलीनं लिही. शाई पावसात पळून जाते." मी मात्र निळ्या शाईचं झकास पेन घेतलं होतं, आणि माझं अक्षर वळणदार असल्याचं मला शाळेपासून ठाऊक होतं. भाऊ रोज संध्याकाळी तलाठ्यासारखे शेतभर फिरून सगळ्यांची लेबलं आपल्या वहीत उतरवून घेत. स्वतःचं संपत नाही आणि निघाले दुसऱ्यांची नोंद करायला, अशी त्यांची नक्कल मी आयसेलिनला मित्राकडे पोहे खाता खाता करून दाखवली. सगळे खूप हसले. त्या शनिवार-रविवारी धो धो पाऊस पडला.

सोमवारी शेतात गेलो, तर माझी सगळी लेबलं धुतल्यासारखी पांढरी. हंगाम संपत आला होता. संकर वाया गेले असते तर असिस्टंटशिप गेली असती, आणि ती गेली की मीही घरी. मी सरीत बसून रडलो. वळणदार अक्षराचा काही उपयोग झाला नाही.

भाऊ आले, लेबल उलटसुलट करून पाहिलं आणि वही उघडली. 'सांगितलं होतं' हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत, याचा मला रागच आला. वहीत ओळ, झाड, फांदी, सगळं होतं. तीन दिवस ते वाचत गेले आणि मी लिहीत गेलो, पेन्सिलीनं.

चौथ्या दिवशी सहज त्यांच्या वाफ्याकडे गेलो. त्यांच्या प्रयोगातल्या रानटी जातीला शेवटचा बहर जेमतेम तीन-चार दिवसांचा. ज्या कळ्यांवर त्यांचा शेवटचा संकर व्हायचा होता, त्या केव्हाच उमलून गेल्या होत्या. तो झाला असता तर हिवाळ्यात प्रबंध संपवून ते अकोल्याला परतणार होते. पर्मनंटचं सातवं वर्ष माझ्यामुळे ओढवलं होतं.

"भाऊ, मला सांगायचं तरी होतं," मी म्हणालो.

"यार, फुलं पुढच्या वर्षी परत येतील. तुझी असिस्टंटशिप येणार नाही," ते म्हणाले आणि मुलीला पत्र लिहायला घरी गेले. मला भयंकर लाज वाटली. ती बरेच दिवस टिकली, असं म्हणायला मला आवडलं असतं.

माझ्या पदवीदानाला भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. पुढच्या वर्षी त्यांना पदवी मिळाली, तेव्हा मी वेस्ट विंडसरला नोकरीला होतो, जेमतेम पाऊण तासाच्या अंतरावर. सुट्टी मिळत नाही असं मी कळवलं. खरं म्हणजे मी ती मागितलीच नव्हती.

अकोल्याला जाण्यापूर्वी त्यांनी पोस्टकार्ड टाकलं. 'आला नाहीस, हरकत नाही. नव्या नोकरीत सुट्टी मिळत नाही, मला माहीत आहे. लेबलं पेन्सिलीनंच लिहितोस ना?'

कार्डही पेन्सिलीनंच लिहिलेलं आहे. इतक्या वर्षांत, दुर्दैवानं, त्यातलं एकही अक्षर पुसट झालेलं नाही.